कुलूप घराला, संसार कोपीत

दसरा सरतो, दिवाळीच्या पणत्या परत फडताळात जातात आणि गोदाकाठच्या आमच्या कोपरगावची हवा बदलते. थंडी येते ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर मळीचा तो आंबूस-गोड वास येतो, रस्त्याने उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग येते, बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी येते आणि गावाच्या कडेकडेने, काल जिथे मोकळे रान होते तिथे, दोन दिवसांत एक वस्ती उभी राहते. तिला पाटी नसते, वेस नसते, ग्रामदैवतही नसते. "ऊसतोडे आले," एवढेच आपण म्हणतो. "पाऊस आला" म्हणावे तितक्या सहजपणे म्हणतो आणि कामाला लागतो. चैत्र-वैशाखात एके दिवशी ते रान पुन्हा मोकळे दिसते. तीन दगडांच्या चुलींचे काळे डाग तेवढे मागे उरतात. तेही पहिल्या नांगरटीत मातीला मिळतात.

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. मुंबईतल्या उड्डाणपुलाखालचे कुटुंब, रेल्वेच्या फलाटावर गोणपाट पांघरून निजलेला म्हातारा, देवस्थानाच्या रस्त्यावर हात पसरून बसलेली बाई. त्यांना घर नाही म्हणून ते बेघर. ऊसतोड मजूर या चित्रात बसत नाही, कारण त्याला घर असते. आष्टी-पाटोद्याकडे, शिरूर कासारला, पाथर्डीच्या डोंगरकडेला, कन्नड-चाळीसगावच्या तांड्यांवर, नांदगावच्या माळावर. ते पत्र्याचे असेल, दगडमातीचे असेल, घरकुल योजनेतले सिमेंटचेही असेल. पण वर्षातले पाच-सहा महिने त्या घराला कुलूप असते, नाहीतर तिथे म्हातारा-म्हातारी राखणीला असतात आणि कर्ती माणसे दुसऱ्याच्या बांधावर पाचटाच्या कोपीत संसार मांडून बसलेली असतात. घर असणे आणि घरात राहायला मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या बेघरपणाची एक खासियत आहे. तो पुरासारखा अवचित येत नाही, आगीसारखा रात्रीत कोसळत नाही. तो तारीख ठरवून येतो. उसाचे गाळप कधी सुरू करायचे हे दरवर्षी राज्याची मंत्री समिती ठरवते. २०२४-२५ च्या हंगामाला १५ नोव्हेंबर ही तारीख मिळाली, २०२५-२६ च्या हंगामाला १ नोव्हेंबर. किती ऊस उभा आहे, तो तोडायला किती टोळ्या लागतील, त्या कुठून येतील, त्यांना किती पैसे आगाऊ द्यायचे, हे सगळे पावसाळ्यातच कागदावर मांडलेले असते. ठरत नाही ती एकच गोष्ट, ही माणसे रात्री निजणार कुठे. जे संकट पंचांग पाहून येते त्याची तयारी नसावी, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

कोपी म्हणजे काय, हे ज्यांनी बसच्या खिडकीतूनच पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कारखान्याकडून मिळालेले बांबू आणि तट्टे, त्यावर पाचट, आणि अलीकडे त्याच्यावर प्लास्टिकचा निळा किंवा पिवळा कागद. दार म्हणजे एक भोक. आत जायचे तर कंबरेत वाकावे लागते, आत गेल्यावरही प्रौढ माणसाला मधोमधच काय ते उभे राहता येते. एका कोपऱ्यात पत्र्याची पेटी, एका कोपऱ्यात पीठ-मिठाचे डबे, दोरीवर कपडे, खाली पाचटाच्या गादीवर वाकळ. चूल बाहेर. बैल असतील तर तेही दारातच, कारण त्यांची किंमत साऱ्या संसाराहून जास्त. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीवरून किंवा मोटारीवरून, आणि तेही वीज असेल त्या वेळी. न्हाणी म्हणजे जुन्या लुगड्याचा आडोसा. संडास म्हणजे उसाचा फड, आणि ऊस तुटत जाईल तसा तो आडोसाही दूर जातो.

हिवाळ्यात अंगणातली तुळस झाकणारी माणसे आपण. त्याच रात्रींत शे-दोनशे पावलांवर तान्ही मुले पाचटावर निजतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक-नगर पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्षबागांचे, कांद्याचे पंचनामे झाले आणि ते व्हायलाच हवेत. भिजलेल्या कोपीचा पंचनामा करायला मात्र सरकारच्या दप्तरात तक्ता नाही. पीक गेले तर नुकसान. वाकळ, पीठ, मुलाचे दप्तर भिजले तर ते कुठल्याच सदरात मोडत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात, हंगामाला तोंड फुटते न फुटते तोच, याच तालुक्यात ऊसतोड मजुराची एक लहानगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. आता बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो, असे वनखात्याची माणसे सांगतात. त्याच उसाला लागून कोप्या असतात. दार नसलेल्या घरात राहण्याचा अर्थ त्या आठवड्यात साऱ्या तालुक्याला कळला. पण भीती ओसरली तसा तो अर्थही विसरला गेला.

कोपीतला दिवस बाईचा असतो, म्हणजे तिच्यापासून सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो. पहाटे तीन-साडेतीनला ती उठते. पाणी आणायचे, दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या, कालवण नसेल तर ठेचा कुटायचा, उजाडायच्या आत सगळे उरकायचे, कारण उजाडल्यावर आडोसा राहत नाही. मग फडात. नवरा कोयता चालवतो, ती पाचट सोलते, वाढे कापते, मोळ्या बांधते. तीही कोयता चालवतेच. दुपारनंतर गाडी भरायची. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर, पायाखाली ट्रकला लावलेली अरुंद फळी. सांजेला कोपीवर आल्यावर पुन्हा चूल, पुन्हा पाणी, पुन्हा मुले. निजावे तर रात्री बाराला मुकादमाची हाळी येते, ट्रक आलाय, चला भरायला. वाढ्याच्या पेंढ्या दुभत्या जनावरांसाठी विकून रोजचा चहा-तेल-मीठ सुटते. बाकी खर्चाला पंधरवड्याला मुकादम देईल ती खर्ची. आजारी पडून घरी राहिले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मला या दिनक्रमात विसाव्याची एक घटका शोधूनही सापडत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ही माणसे इतक्या लांबून येतात तरी कशाला? त्याचे उत्तर दोन नकाशांत आहे. पहिला नकाशा पाण्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला, गोदावरीचे डावे आणि उजवे कालवे निघाले आणि कोपरगाव-राहात्याच्या काळ्या मातीत बारमाही पाणी खेळू लागले. पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग कारखाने. सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सची साकरवाडी याच तालुक्यातली. पुढे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या डिसेंबरअखेर त्याची चाके फिरली, आणि त्या वाटेने आमच्याकडे कोळपेवाडी आणि संजीवनी हे दोन सहकारी कारखाने आले. शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे ही नावे इथल्या शाळा-कॉलेजांपासून दवाखान्यांपर्यंत सगळीकडे भेटतात. उसाने इथल्या माणसाला पक्के घर दिले, मुलाला इंजिनिअरिंगला पाठवले, हे मान्य केलेच पाहिजे. दुसरा नकाशा कोरडा आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, उथळ माती, खरिपाचे एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. त्या कोरड्या नकाशातला माणूस ओल्या नकाशात जगायला येतो. गोदावरीचे पाणी जिथे पोचले नाही तिथला घाम मात्र गोदावरीच्या कालव्यापर्यंत पोचला.

आणि तो येतो तो कर्ज डोक्यावर घेऊनच. मी बँकेत उमेदीची वर्षे घालवली, त्यातली काही या ऊसपट्ट्यातल्या शाखांत. त्यामुळे या पैशाची वाट मला कागदावरून चांगली ठाऊक आहे. हंगामापूर्वी कारखाना तोडणी-वाहतुकीसाठी कर्ज उचलतो, ते वाहतूक ठेकेदाराकडे जाते, ठेकेदाराकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून मजुराच्या हाती. शेवटच्या टप्प्यावर या रकमेला 'उचल' म्हणतात. ती ५० हजारांपासून लाखाच्या वर असते आणि बहुधा कोपी उभी राहण्याआधीच संपलेली असते, मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, मागच्या वर्षीच्या देण्यात. ती फेडायची ऊस तोडून. हिशेबाचे एकक आहे 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. माझ्या कादंबऱ्यांसाठी मी पुष्कळ शब्द गोळा केले, पण दोन जिवंत माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजणारा हा शब्द मला कुठे वापरवला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनाला २७३ रुपये मिळत होते ते ३६६ च्या आसपास गेले. नवरा-बायकोने दिवसभर राबून दोन टन तोडले तर सातशे-सव्वासातशे रुपये. हा हिशेब जरा आपल्या स्वयंपाकघरात आणू. टनभर उसातून ढोबळमानाने १०० किलो साखर निघते. म्हणजे आपल्या डब्यातल्या एका किलो साखरेत तोडणाऱ्या दोघांचा वाटा साडेतीन-पावणेचार रुपयांचा. त्यांच्या निवाऱ्याचा वाटा किती, असे विचाराल तर त्या जागी शून्य लिहावे लागते.

जनधन योजनेची खाती उघडण्याची धांदल चालू होती त्या २०१४ च्या हिवाळ्यात एक ऊसतोड बाई शाखेत आली होती. पैसे नवऱ्याच्या नावावर जमा होतात, मला माझे स्वतःचे पुस्तक हवे, असे तिचे म्हणणे. अर्ज भरताना पत्त्यापाशी आम्ही अडलो. ती म्हणाली, "सायेब, गावाकडच्या घराला कुलूप हाय. हितलं म्हणाल तर बांध बदलला की पत्ता बदलतो. कोणचा लिवता?" शेवटी आधार कार्डावरचा गावाकडचा पत्ता लिहिला, खाते उघडले, पासबुक पदराच्या गाठीत बांधून ती गेली. प्रश्न मात्र टेबलावर राहिला. कायमचा पत्ता जिथे ती नाही तिथला; आणि जिथे ती आहे त्याला पत्ता नाही.

कायद्याच्या पुस्तकातही तिची हीच गत आहे. स्थलांतरित मजुरांना राहण्याची योग्य जागा देणे ठेकेदारावर बंधनकारक करणारा कायदा १९७९ साली झाला. पण तो 'आंतरराज्य' स्थलांतरितांसाठी. बीडहून कोपरगावला येणारा मजूर राज्याची सीमा ओलांडत नाही, जिल्ह्याची ओलांडतो. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला, तरी तो 'आंतरराज्य' शब्द तिथेही सोबत आला आहे. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहा, कॉफी, रबराच्या मळ्यांतल्या मजुरांना घर, पाळणाघर, दवाखाना देणे मालकावर टाकले. ऊस हाही मळाच, पण त्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांतल्या बेघरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास उघडे निवारागृह असावे असा आदेश दिला, तो शहरांपुरता. कारखान्याच्या फाटकाच्या आतला कामगार कायद्याच्या छत्रीखाली येतो, त्या फाटकातून जाणारा ऊस तोडणारा बाहेर. एकेक कायदा चांगलाच आहे. फक्त प्रत्येकाची भिंत या माणसाच्या अलीकडे एक हात येऊन थांबते.

याची किंमत मोजतात ती मुले आणि बायका. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा भरू लागल्या. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा आला, मुलाला नियमित शाळेतच दाखल करायचे असे धोरण ठरले आणि साखरशाळा मिटल्या. तत्त्व बरोबर होते. पण कोपीपासून शाळा तीन-चार किलोमीटरवर आणि पाळण्यातले भावंड सांभाळायला घरात दुसरे कोणी नाही, तिथे आठ वर्षांची ताई शाळेच्या पटावर असते आणि झोळीपाशी बसलेली दिसते. गावाकडे हंगामी वसतिगृहे आहेत, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहयोजना आहे. ती वाढली पाहिजे. मुलगी वयात आली की आईबापांपुढे पेच पडतो, तिला मागे ठेवावे तर घरात कोणी नाही, बरोबर आणावे तर कोपीला दार नाही. मग लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. या आकड्याला कारणे अनेक आहेत. पण त्यातले एक कोपीच्या त्या भोकातून आत-बाहेर करते.

बायकांच्या आरोग्याचे तर बोलायलाच नको, असे म्हणून आपण ते बोलत नाही, म्हणून बोलतो. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, त्यातून दुखणी. आणि मग त्या दुखण्यांवर गर्भाशयच काढून टाकण्याचा उपाय. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती तपासली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. डॉक्टरांची नीती, दलाली, खाड्याची भीती यावर तेव्हा खूप लिहिले गेले. माझ्यासारख्या साध्या माणसाला त्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दिसते, न्हाणी आणि संडास. हजारो रुपयांच्या शस्त्रक्रियेपूर्वी चार पत्र्यांचा आडोसा करून पाहायला काय हरकत होती?

या विषयावर बोलू लागलो की आमच्या पारावर काही प्रश्न हमखास येतात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला, "त्यांना कुणी बोलावले? स्वतः येतात." बोलावले आपणच, उचल देऊन बोलावले. दुसरा, "कोप्या फिरत्या, ऊस संपला की टोळी पुढे. पक्के बांधायचे कुठे?" हा अडसर खरा आहे. तरी कारखान्याचे गट ठरलेले असतात, त्या त्या शिवारातले तळ वर्षानुवर्षे जवळपास त्याच जागी पडतात. गाडीवानांचा अड्डा तर कारखान्याच्या आसपास हंगामभर एकाच ठिकाणी असतो. तिसरा, "कारखाने आधीच कर्जात." मी बँकेतला, मला त्यांच्या व्याजाचा बोजा ठाऊक आहे. रान, विहिरीचे पाणी, कधी पोराला दूधही स्वतःहून देणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि तळावर पाण्याची टाकी, दिवा देणारे कारखानेही आहेत. पण एकेकाच्या भलेपणावर लाखो माणसांचा निवारा सोपवता येत नाही. चौथा प्रश्न अलीकडचा, "आता हार्वेस्टर आले, पाच-दहा वर्षांत माणूस लागणारच नाही." यंत्र येऊ दे. ते आले की त्याच्यासाठी आधी शेड बांधतात, कारण उघड्यावर ठेवले तर गंजते. तोवर तरी माणसाला यंत्राइतके जपू.

आणि हे जमत नाही असे कुणी म्हणू नये, कारण एकदा जमले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऊसतोड मजूर कोप्यांत अडकले. तेव्हा सरकारने कारखान्यांना सांगितले, यांची तात्पुरती निवास, जेवण, आरोग्य यांची जबाबदारी तुमची. पाहता पाहता याद्या झाल्या. एप्रिलच्या मध्याला त्यांना गावी जायची परवानगी मिळाली, तेव्हा राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या परिसरात एक लाख एकतीस हजारांवर मजूर असल्याचा आकडा सरकारच्या हाती होता. गावनिहाय नावे, तपासणी, प्रवासाची सोय. ज्या कोप्या पन्नास-साठ वर्षे कुणाला मोजता आल्या नव्हत्या त्या काही आठवड्यांत मोजून झाल्या, कारण त्या वेळी त्यांच्यापासून आपल्याला भीती होती. आपल्या भीतीपोटी जे झाले ते त्यांच्या गरजेपोटी का होऊ नये?

करायचे काय, ते फार मोठे नाही. प्रत्येक गटात उंचावरची, मुरूम टाकलेली तळाची जागा कारखान्याने आणि ग्रामपंचायतीने दसऱ्याच्या आत ठरवावी. तिथे पिण्याच्या पाण्याची झाकलेली टाकी. पत्र्याची का होईना, बायकांसाठी न्हाणी आणि संडास, ट्रॅक्टरला जोडून तळाबरोबर हलवता येतील असे. सौर दिवे, आणि जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे कुंपण. तळावरच्याच एका बाईला रोज देऊन चालवलेले पाळणाघर, म्हणजे ताई शाळेत जाईल. आठवड्यातून एकदा आरोग्यसेविकेची फेरी, आणि गरोदर बाईचे नाव गावाकडच्या यादीतून इथल्या यादीत आपोआप यावे. पैसे कुठून? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर सरकारने घालावी, असे धोरण ठरलेले आहे. टनाला १० रुपये म्हणजे साखरेच्या किलोला १० पैसे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यामागे हे होतात एक कोटी, आणि सरकारची भर धरून दोन. दोन कोटींत किती टाक्या आणि किती न्हाण्या बसतात, हे सांगायला बँकेचा निवृत्त अधिकारी लागत नाही. फक्त हा पैसा तळापर्यंत पोचला की नाही, हे कारखान्याच्या वार्षिक अहवालात, साखरेच्या उताऱ्याच्या शेजारी, दरवर्षी छापले जावे. सभासदांनी सभेत ते विचारावे. उताऱ्यावर तासभर भांडणारे आम्ही, तळावर पाच मिनिटे बोलायला हरकत नसावी.

या सगळ्याच्या मुळाशी मोजणी आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची गणना झाली आणि १७ लाख ७३ हजार माणसे बेघर ठरली. महाराष्ट्रात दोन लाखांहून थोडी अधिक. फेब्रुवारी म्हणजे हंगामाचा भर. राज्यात ऊसतोड मजूर आठ-दहा लाखांच्या घरात आहेत असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे त्या रात्री कोपीत निजलेल्यांपैकी बहुतेकांना देशाने एकतर घरात धरले, नाहीतर धरलेच नाही. आता नवी जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, १ मार्च हा तिचा संदर्भ दिनांक आहे. पुन्हा तोच महिना, पुन्हा भर हंगाम. गणक आपल्या दारी येईल तेव्हा आपण आपली नावे सांगू. त्या वेळी त्याला आणखी एक वाक्य सांगू या: पलीकडच्या रानातही माणसे राहतात, तिकडे जाऊन या, आणि लवकर जा, कारण अंधार पडायच्या आत ती फडात असतात आणि उजाडायच्या आतही. तो गेला, त्याने वाकून कोपीत डोकावले आणि आपल्या रकान्यांत जे खरे आहे ते लिहिले, तर पुढच्या हंगामाच्या तयारीची पहिली ओळ लिहिली गेली असे समजू.